लांब पाठीची गाडी

नागपूर
संक्रांतीचा आदला दिवस
(रोशनी म्हणते, तेरा जानेवारी.)

अमोल,

तुले आईचा आशीर्वाद. जेवढा शिल्लक आहे तेवढा सगळा.

फोन केला असता, पण फोन तू मधातच कापतो. "मीटिंग आहे, आई" म्हणतो अन् कापतो. पत्र कापता येत नाही. फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच, एवढं मले शाळेत न जाताही समजते.

हे लिहून राहिली रोशनी. वरच्या खोलीत भाड्यानं आली, पोरांले मराठी शिकवते. मी बोलते, ती लिहिते. पहिल्या कागदावर तिनं माझं बोलणं असं इस्त्री करून ठेवलं होतं की वाचून दाखवलं तेव्हा मीच विचारलं, ही कोण बाई बोलून राहिली वं? आता जसं तोंडातून पडते तसं उचलते बिचारी.

मुद्द्यावर येते. सूनबाईच्या, काजलच्या हाती तू निरोप पाठवला, की "ती डबडी भंगारात गेल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही." निरोप पोचला. डबडी अंगणातच आहे. आज सकाळी तिले आंघोळ घातली, काचा पुसल्या. तुझ्यापेक्षा शहाणी आहे, रुसत नाही.

तू म्हणतो, तीस वर्षं जुनी, लांब पाठीची इस्टेट गाडी कोण ठेवतो? मी ठेवते. तुझ्या बाबांनी लकडगंजातल्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून घेतली तेव्हा सगळे हसले होते. पुढून मोटार, मागून खटारा, म्हणे. तुझे बाबा हसणाऱ्यांले काही म्हणत नव्हते. दिवाळीले त्याच हसणाऱ्यांची कपाटं, गाद्या, अन् एकदा तर एकाची सासू, सगळं तिच्यातच वाहून नेलं.

तुले आमचा धंदा पाहायची लाज वाटते म्हणून तू कधी नीट पाहिला नाही. आता ऐक. लांब रोटी करणाऱ्या बायांले काय काय लागते? उपडी घालून वर रोटी भाजायची मोठी मडकी, चुलीच्या विटा, लाकडं, कणकेच्या पराती. मडकं म्हणजे बाळंतीण. त्याच्यावर काही ठेवता येत नाही, त्याले आडवं पाडता येत नाही. आपल्या गाडीची मागची सीट दुमडली की घरातली ओसरी होते. भाताचं तणस टाकायचं, मडकी बसवायची. जमीन एवढी खाली आहे की माझ्या गुडघ्यांले उचलायचं दुखणं नाही. लग्नघरी पोचलं की मागचं दार वर उचलायचं, झालं छप्पर. ऊन असो, भुरभूर पाणी असो, त्या दाराखाली उभी राहून मी कणीक मळते. घरी आलं की दोन बादल्या पाणी मारलं, गाडी साफ.

तुझ्या नव्या गाडीच्या मागं तू गालिचा अंथरला आहे. त्याच्यावर मी एकदा भाजीची पिशवी ठेवली तं तू असा दचकला, जसं मी देव्हाऱ्यात चप्पल काढली.

तू म्हणाला, छोटा हत्ती भाड्यानं कर. केला होता एकदा, मौद्याच्या लग्नाले. त्याची काही तक्रार नाही, सामान छान नेलं. पण बाया मागं उघड्यावर, सामानासंग. आमच्यातली सिंधूताई म्हणे, "मावशी, आज मले माझं वजन करून बिल फाडतील असं वाटून राहिलं." आपल्या गाडीत माल अन् माणूस एकाच छताखाली बसते, काचा लावून, गाणी म्हणत. हे सुख तुले समजायचं नाही.

उन्नतीच्या साक्षगंधाले जे झालं, त्याचा मी विषय काढत नाही. आम्ही दुसऱ्या लग्नाचं काम आटोपून तसेच आलो, गाडीत मडकी, पातळांले काजळी. हॉलच्या दारात तुझ्या होणाऱ्या व्याह्यानं विचारलं, "ही कोणाची गाडी?" तू म्हणाला, "स्वयंपाकवाल्यांची असेल, मागच्या गेटानं जाऊ द्या." मी काही म्हटलं का? मागच्या गेटानं गेली, हातपाय धुतले, नवं पातळ नेसली, अन् समोरून येऊन नातीले ओवाळलं. म्हणून सांगते, विषय काढत नाही.

रोशनी म्हणते, काढला. बरं, निघाला.

आता ऐक. गाडीचे कागद संपून राहिले. पुढच्या आठवड्यात आरटीओची तपासणी आहे. पास झाली तं आणखी पाच वर्षं कोणाची बोलायची हिंमत नाही. नापास झाली तं भंगारवाल्याले मी स्वतः चहा पाजीन, तू खुशाल ये. पण पास झाली तरी तुले यावं लागेल. गाडी दारात असताना यावं लागेल. आहे कबूल?

न बोलणं म्हणजे हो समजते मी. तुझ्या बाबांसंग मी असाच संसार केला.

आई

—

नागपूर
२४ जानेवारी

अमोल,

आशीर्वाद.

इकडे थंडी बरी आहे. तुरीच्या शेंगा आल्या, उकडून खाल्ल्या. सिंधूताईच्या पोरीले मुलगा झाला. शेजारच्यांनी कुत्रा पाळला, तो रात्रभर भुंकते अन् दिवसा मालकासारखा झोपते. बाकी सगळं ठीक.

(आजींनी इथे पत्र संपवायला सांगितलं होतं. मी विचारलं, तपासणीचं नाही लिहायचं? आता सांगत आहेत. – रोशनी)

ही पोरगी फितूर आहे. लिही मग.

गाडी पास झाली नाही. पण नापास पण झाली नाही, आधी पूर्ण ऐक. ओमप्रकाश मेकॅनिकनं महिनाभर खपून इंजिन असं केलं की धूर मशीनीले दिसला नाही. ब्रेक लागले. दिवे लागले. हॉर्न तं असा वाजला की रांगेतला एक माणूस बाजूले सरकला. साहेब खूश होते. मग त्यांनी कागद अन् पेन्सिल काढली. गाडीच्या सांगाड्यावर, पुढच्या चाकापाशी, लोखंडात नंबर ठोकलेला असतो. त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, नंबर कागदावर उतरतो. साहेब वाकले, बॅटरी मारली, अन् तसेच वाकून राहिले.

मग म्हणाले, "आजी, हा नंबर आहे का मारुतीचा खांदा?"

तिथं शेंदूर होता. बोटभर जाड. आधीच्या तपासण्यांत कोणी वाकून पाहिलंच नव्हतं.

आता तुले वाटेल, आई म्हातारी झाली, काहीही करते. थांब. गाडी आली त्या पहिल्या दसऱ्याले तुझे बाबा मले म्हणाले, पूजा कर. मी विचारलं, कुंकू लावू कुठं? माणसाले कपाळ असते, बैलाले कपाळ असते, गाडीले काय असते? ते म्हणाले, तूच शोध. मी फिरून फिरून पाहिलं तं चाकापाशी लोखंडात अक्षरं कोरलेली दिसली. पाटीवरचं पुसते, कागदावरचं भिजते. हे पाण्यानं जात नव्हतं. लहानपणी दसऱ्याले तुम्ही भावंडं पाटीची पूजा करत होते. माझी पाटी कुठं होती? मी म्हटलं, ही माझी. जवसाच्या तेलात शेंदूर कालवला अन् त्या अक्षरांवर लावला. मग दरसाल लावला. देवाले लावतो तसा, थरावर थर.

तेव्हा मले काय माहीत, सरकारले ते वाचावं लागते म्हणून?

साहेब माणूस भला. हसले नाहीत. सिंधूताई हसली. चाकाले टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, "काय वं सिंधू, गाडी गेली तं तू डोक्यावर मडकी नेशील का?" तेव्हा तिचं हसणं थांबलं. कारण साहेब म्हणाले होते, "आजी, पुन्हा तारीख देतो. नंबर वाचता आला पाहिजे. नाही तं कागदावर ही गाडी कोणाचीच नाही." अन् हेही बजावलं, की घासून-बिसून एक आकडा जरी पुसला गेला, तं पुन्हा आणूच नका.

घरी आलो तं ओमप्रकाश लोखंड घासायची फिरती चकरी घेऊन तयार. "अम्मा, दोन मिनिटांचं काम." मी चाकापाशी पाट टाकून बसली. म्हटलं, आधी माझ्यावर चालव.

सगळ्या बाया माझ्याकडे पाहून राहिल्या. मौदा, पारशिवनी, कामठी, कुठलं आवतण आलं की या गाडीच्या भरवशावर हो म्हणतात. आता विचारतात, "मावशी, पुढचं काम घेऊ का नको?" मी म्हणते घ्या. आवाज खणखणीत काढते. तुले म्हणून सांगते, तेवढा नाही निघून राहिला.

खूश झाला असशील. हो, पण दात दाखवू नको. अजून तारीख आहे.

आई

—

नागपूर
३ फेब्रुवारी

अमोलराव,

आज राव लावलं, कारण तू रोशनीच्या मोबाइलवर निरोप पाठवला. तिनं वाचून दाखवला. "आईला सांगा, तीस वर्षांत शेंदराखालचं लोखंड गंजून गेलं असणार. नंबर मिळणार नाही. हट्ट सोड." वाचताना पोरीचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. तेव्हा मले एक समजलं: हट्ट सोड म्हणाला, गाडी सोड नाही म्हणाला. इंजिनियर आहे तू, शब्द मोजून टाकतो.

आता माझी बातमी ऐक. बसला असशील तं उठ. उभा असशील तं बस.

देवाचा शेंदूर कोणी खरवडत नाही. तो आपल्या वेळेनं खोळ सोडतो. गावात मारुतीची खोळ निघाली होती ते मी लहानपणी पाहिलं आहे. अख्खा थर साप कात टाकते तसा सुटला होता, अन् लोकांनी वाजतगाजत नदीले नेला होता. मी म्हटलं, देवाची निघते तं माझ्या पाटीची काहून निघणार नाही? रोज दुपारी जवसाचं तेल कोमट करायचं, कापसाचा बोळा बुडवायचा, कडेकडेनं लावायचा, वरून फडकं बांधायचं. ओमप्रकाश येऊन पाहून जाई. "अम्मा, मोटारीले मालिश करून राहिल्या का?" मी म्हणे, "तुझ्या चकरीपेक्षा बरी."

चारपाच दिवस काही नाही. मग एका कडेनं नखाएवढी फट दिसली. मी फुंकर पण मारली नाही.

परवा सकाळी फडकं सोडलं तं फडक्यासंग खोळ हातात आली. अख्खी. सुपारीएवढापण तुकडा तुटला नाही. आतल्या बाजूले सगळे आकडे उलटे उमटलेले, ठशासारखे. अन् लोखंडावर सुलटे. अमोल, मले वाचता येत नाही, पण स्वच्छ काय अन् मळकं काय हे दिसते. ते अक्षर आत्ताच कोणी ठोकून गेल्यासारखं होतं. रोशनी खाली वाकून एक एक आकडा मोठ्यानं वाचत होती अन् सिंधूताई प्रत्येक आकड्याले "हाव!" म्हणत होती, जसं लिलाव चालला आहे.

ओमप्रकाशनं बोट फिरवून पाहिलं. म्हणाला, "अम्मा, या वयाच्या गाड्यांचा नंबर गंज खाऊन जाते. तुमचा काहून राहिला? लोहार लोकं जुन्या काळी लोखंडाले शेंदूर अन् जवसाचं तेलच लावत होते, गंजू नये म्हणून."

मी म्हटलं, हाव, मले माहीतच होतं.

माहीत नव्हतं. पण हे ओमप्रकाशले कोणी सांगू नका. गेल्या दोन दिवसांत मी त्याले एवढ्या वेळा "म्हणूनच तं लावला होता" म्हणून सांगितलं आहे, की आता मलेही खरं वाटून राहिलं.

खोळ पेंच नदीत सोडणार आहे, पारशिवनीच्या लग्नाले जाऊ तेव्हा. ते काम मी घेतलं. खणखणीत आवाजात घेतलं.

तपासणीची तारीख बारा फेब्रुवारी. सकाळी. तुले बोलावून नाही राहिली. फक्त तारीख सांगून राहिली.

आई

—

नागपूर
१५ फेब्रुवारी

काजल बेटा,

आशीर्वाद. या वेळी पत्र तुले.

अक्षर ओळखलं असशील. हाव, तोच आहे. रोशनीच्या शाळेत परीक्षा आहे म्हणून मी याले बसवलं. कागदावर असा वाकून बसला आहे, जसं लहानपणी पाढे लिहायले बसे. मी जे बोलते तेच लिहायचं, अशी शपथ घातली आहे. आत्ता तोंड वाकडं केलं. तेही लिही म्हटलं.

तुले त्यानं फोनवर काय सांगितलं मले माहीत नाही. म्हणून झालं कसं ते माझ्याकडून ऐक.

बारा तारखेले आम्ही रांगेत उभे होतो. पुढं ट्रक, मागं ट्रक, मधात आपली लांब पाठीची. सिंधूताई स्टेअरिंगवर. ती एकदम म्हणाली, "मावशी, पाहा, तुमचा भंगारवाला आला." पाहते तं खांद्याले बॅग लावून हा धुळीतून चालत येऊन राहिला. रात्रीच्या बसनं आलेला, केस असे उभे. माझ्याजवळ येऊन पहिलं काय बोलला असेल? "आई, हवा कमी आहे मागच्या चाकात." दीड वर्षानंतरचं समोरासमोरचं पहिलं बोलणं. मी म्हटलं, "तुझ्या गालात पण कमी दिसून राहिली, जेवत नाही का?"

मग साहेब आले. तेच, मागच्या वेळचे. पण रांग मोठी, रोज किती गाड्या पाहतात, विसरले असतील. वही पाहत पाहत विचारलं, "ही कोणाची गाडी?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी हा बोलला.

"माझ्या आईची."

असा बोलला की मागचा ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून पाहायले लागला. साहेबानं वर पाहिलं. तं हा पुन्हा म्हणाला, "या माझ्या आई, रुखमाबाई. यांची गाडी आहे. लांब रोटीचं काम करतात."

मी पदर नाकाले लावला. त्या मैदानात धूळ फार असते.

मग साहेबाले आठवलं. "अरे, मारुतीवाल्या आजी!" म्हणून स्वतः खाली वाकले. कागद ठेवला, पेन्सिल घासली. कागदावर नंबर असा उतरला, की त्यांनी तो कागद उन्हात धरून बाजूच्या दोन माणसांले दाखवला. मग धूर, ब्रेक, दिवे, सगळं झालं. पास, बेटा. पास! सिंधूताईनं तिथंच हॉर्न दाबला अन् सोडायले तयार नाही. शेवटी साहेब म्हणाले, "आजी, हॉर्न पण पास आहे, पुरे."

आता ओमप्रकाश गॅरेजात जो येईल त्याले सांगते, गाडीले शेंदूर लावा. कालपासून मी मोहल्ल्यातून चालली की मोटारवाले नमस्कार करतात. मी मान हलवते. थोडीशीच.

तुझ्या नवऱ्याले दुसऱ्याच दिवशी पुण्याले परत जायचं होतं. मी अडवलं नाही. फक्त म्हटलं, काल पास झाली, आज पारशिवनीचं लग्न, सिंधूचा खांदा दुखून राहिला, गाडी कोण चालवेल देव जाणे. सिंधूताईनं लगेच खांदा धरला. उजवा धरायचा का डावा, हे आमचं ठरलं नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही धरले.

चालवली त्यानं. मागं मडकी, बाया, लाकडं. पहिल्यांदा असा चालवत होता, जसं दुसऱ्याची गाडी आहे. खड्डा आला की बाया ओरडत, "अमोलदादा, मडकं!" पेंचेवर खोळ सोडली तेव्हा हा काठावर चप्पल काढून उभा होता. तिथून पुढं हात सैल झाला. लग्नघरी पोचल्यावर त्यानं मागचं दार वर उचललं अन् स्वतःच त्याच्याखाली उभा राहिला. म्हणाला, "आई, हे दार किती बरोबर उंचीवर थांबते गं." मी म्हटलं, तीस वर्षांपासून तिथंच थांबून राहिलं. मग त्यानं एक एक मडकं छातीशी धरून उतरवलं. मांडवातल्या बायांनी विचारलं, हा नवा माणूस कोण? मी काही बोलली नाही. मले वाटलं, याची थोडी मजा घेऊ. तं यानंच सांगितलं.

जाड भाकरीसारखी का होईना, एक रोटी पण केली त्यानं. कणीक हातावर लांबवत कोपरावरून ओघळवायले गेला अन् अर्धी बाहीत गेली. शर्ट मी धुवून राहिली, डाग निघाला नाही तं मले विचारू नको.

येताना सिंधूचे दोन्ही खांदे बरे झाले, तिनंच चालवली, अन् मागं तणसावर जागा होती. पोचलो तं हा आडवा होऊन झोपलेला, पाय दाराले टेकलेले. एवढा उंच माणूस, पण गाडीत मावला. तुझ्या नव्या गाडीत असा झोपून दाखव म्हणावं.

आता मुख्य गोष्ट. तो आणखी चार दिवस इथं आहे. उन्नतीले सांगजो, तिच्या लग्नात लांब रोटी तिच्या आजीची, अन् आजी येईल ती कशात येईल हे विचारायची गरज नाही. तिच्या बापानं स्वतः कबूल केलं आहे.

अन् अमोल, आता लिही: "मी हरलो."

तो म्हणून राहिला, "आई, हे नको ना गं." मी म्हणते, लिही. हसून राहिला. पेन खाली ठेवला. उचलला. लिहिलं म्हणतो.

आता मले काय माहीत, लिहिलं का "हवा छान आहे" असं लिहिलं? म्हणून बेटा, हे पत्र मिळालं की लगेच मले फोन करजो अन् ही ओळ वाचून दाखवजो. मोठ्यानं वाचजो. सिंधूताई, ओमप्रकाश, रोशनी, सगळे ऐकायले बसणार आहेत.

मी हरलो.

तुझी सासू
रुखमाबाई